स्ट्रॉबेरीचें पीक : महाबळेश्वरचा अनुभव आणि खालच्या मुलखाचा विचार

कृष्णा नदी जेथें उगम पावते त्या महाबळेश्वरच्या पठारापासून ती सांगलीच्या घाटाला लागेपर्यंत वाटेंत जीं पिकें होतात त्यांची यादी केली, तर नाचणीपासून उंसापर्यंत व बटाट्यापासून द्राक्षापर्यंत नानाविध नांवें घ्यावीं लागतील. यांपैकीं बहुतेक पिकें आपल्या वाडवडिलांच्या ओळखीचीं आहेत. एक पीक मात्र असें आहे कीं, त्यास आपल्या भाषेंत स्वतःचें नांवहि नाहीं. परदेशांतून जें नांव घेऊन तें आलें तेंच नांव त्यानें येथें कायम राखलें. आणि तरीहि महाबळेश्वर म्हटलें कीं आज लोकांच्या डोळ्यांपुढें प्रथम तेंच फळ उभें राहतें. तें फळ म्हणजे स्ट्रॉबेरी होय.

डोंगरावरील शेतकऱ्यांस या फळानें पैसा दिला, हें पाहून वाई, जावळी, कोरेगांव या भागांतील, तसेंच सांगली जिल्ह्यांतील कांहीं शेतकरी बंधूहि हें पीक आपल्या रानांत घ्यावें काय, असें विचारूं लागले आहेत. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर केवळ 'होय' किंवा 'नाहीं' या एका शब्दानें देतां येण्याजोगें नाहीं. या पिकाचा पूर्वेतिहास, त्याचा स्वभाव, त्याची मशागत व त्याचे गुण यांचा क्रमानें विचार केल्यावरच ज्यानें त्यानें आपल्या जमिनीपुरता निर्णय करावा, हें इष्ट. यास्तव या लेखांत आम्ही ती सर्व हकीकत थोडक्यांत मांडीत आहों.

फळाचा पूर्वेतिहास

रानटी स्ट्रॉबेरीच्या जाती युरोप, आशिया व अमेरिका या तिन्ही खंडांत आढळतात; आपल्या हिमालयांतहि त्या आहेत. परंतु त्यांचीं फळें करवंदाएवढीं किंवा त्याहूनहि लहान असतात. आज बाजारांत जें टपोरें फळ येतें तें यांपैकीं कोणत्याहि एका जातीचें नव्हे. तो अमेरिका खंडांतील दोन जातींचा संकर होय, आणि तो झाला मात्र युरोपांत.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांतील व्हर्जिनिया प्रांताच्या नांवानें ओळखली जाणारी एक जाति सतराव्या शतकांत युरोपांत पोंचली होती. तिचें फळ लहान, पण सुवासिक व गडद लाल. दुसरी जाति दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाची. तेथील मूळ रहिवासी ती फार पूर्वीपासून लावीत असत व तिचें फळ चांगलें मोठें होतें. फ्रान्सच्या राजानें फ्रेझिये नांवाच्या एका लष्करी इंजिनियरास चिली व पेरू येथील स्पॅनिश किल्ल्यांची पाहणी करण्यास पाठविलें होतें. किल्ल्यांचे नकाशे काढतां काढतां त्याची नजर या फळावर गेली, आणि इ. स. १७१४ मध्यें परत येतांना त्यानें कांहीं रोपें बरोबर घेतलीं. समुद्रप्रवास अनेक महिन्यांचा. पिण्याचें पाणी मोजून मिळे. त्यांतहि पाणी घालून पांच रोपें त्यानें जिवंत ठेविलीं. हीं पांच रोपें म्हणजे आजच्या स्ट्रॉबेरीचें आजोळ म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु गंमत अशी कीं, हीं रोपें वाढलीं, फुललीं, आणि फळ मात्र धरीनात. कारण तीं सर्व मादी रोपें होतीं. नर फुलांचा पराग त्यांस मिळत नव्हता. पुढें फ्रान्सच्या ब्रितानी प्रांतांतील शेतकऱ्यांनीं त्यांच्या ओळींशेजारीं व्हर्जिनियाची जाति लावली, तेव्हां त्यांस भरपूर फळें येऊं लागलीं. या सहवासांतूनच नवी संकरित स्ट्रॉबेरी जन्मली. हा संकर आहे हें १७६६ सालीं ड्युशेन नांवाच्या एका तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें प्रथम ओळखून लिहून ठेविलें. पंडितांस कारण कळण्यापूर्वींच शेतकऱ्यास उपाय सांपडला होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

सातारा जिल्ह्यांत आगमन

महाबळेश्वरच्या पठारावर १८२४ सालीं जनरल लॉडविक हा अधिकारी चढून गेला आणि १८२८ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांच्याशीं बोलणें करून तेथें हवा खाण्याचें ठिकाण वसविलें. पुढें जॉन चेसन या गृहस्थानें पांचगणीच्या वस्तीस चालना दिली. साहेब लोक आले तसा त्यांचा भाजीपाला व त्यांचीं फळेंहि आलीं. येथें ठेवलेल्या चिनी कैद्यांनीं बटाटा व विलायती भाज्या करून दाखविल्या, आणि त्यांचें पाहून आसपासचे शेतकरी तीं पिकें घेऊं लागले. बंगल्यांच्या बागांतील स्ट्रॉबेरीनेंहि इंग्रजी अमदानींतच डोंगरावरील शेतांत पाऊल टाकलें.

तथापि पुष्कळ वर्षें हें पीक उन्हाळी पाहुण्यांच्या चैनीपुरतेंच होतें. फळ नाजूक, घाटरस्ता लांबचा, आणि दोन दिवसांत माल नासणार. मग लागवड वाढावी कशी? १९५९ सालीं पांचगणीस मॅप्रो हा फळप्रक्रियेचा कारखाना निघाला व मऊ पडलेल्या फळासहि गिऱ्हाईक मिळूं लागलें. पुढें विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कॅलिफोर्निया व फ्लोरिडा येथील विद्यापीठांनीं काढलेल्या चँडलर, कॅमारोझा, स्वीट चार्ली यांसारख्या जाती आल्या, ठिबक सिंचन व आच्छादनाचा कागद आला, आणि पिकाचें रूपच पालटलें. विंटर डॉन, नाबिला या जाती त्यानंतरच्या होत. आज देशांतील स्ट्रॉबेरीचा फार मोठा वांटा एकट्या महाबळेश्वर-पांचगणीच्या टापूंतून जातो. २०१० सालीं 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी' या नांवास भौगोलिक मानांकन मिळालें. पांचगणीजवळचें भिलार हें गांव २०१७ पासून 'पुस्तकांचें गांव' म्हणून सर्वत्र गाजलें. परंतु त्यापूर्वींपासून त्याची ओळख स्ट्रॉबेरीचें गांव अशीच आहे.

वनस्पतीचा स्वभाव

ज्यास आपण स्ट्रॉबेरीचें फळ म्हणतों तें शास्त्रदृष्ट्या खरें फळ नव्हे. फुलाचा देठाकडील बैठकीचा भाग फुगून रसाळ होतो, व त्यावर जे पिंवळसर दाणे दिसतात तींच खरीं फळें. प्रत्येकांत एकेक बी असतें. ही माहिती केवळ पंडिती नव्हे. ज्या दाण्यास पराग पोंचला त्याच्याभोंवतालचाच गर फुगतो. पराग नीट न मिळाल्यास फळ एका बाजूस बसकें व वेडेंवांकडें होतें आणि प्रतवारींत मागें पडतें. म्हणून मधमाशी ही या पिकाची बिनपगारी मजूर होय. महाबळेश्वर तालुक्यांत मधाचा धंदा जुना आहे. तेथील मांघर हें गांव २०२२ सालीं 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें. स्ट्रॉबेरीच्या शेतकऱ्यानें फुलोऱ्याच्या काळांत मधपेट्या जवळ ठेवाव्या व फवारणी करणें प्राप्तच झालें तर माश्या घरीं परतल्यावर, सायंकाळीं करावी.

दुसरी गोष्ट दिवसाच्या लांबीची. आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या बहुतेक जाती लहान दिवसांत व थंड रात्रींत कळी धरतात. रात्रीचें तपमान १५ अंशांच्या खालीं आलें म्हणजे फुलें जोमानें येतात. उलट दिवस मोठा व हवा उबदार झाली कीं हेंच रोप फूल सोडून रनर, म्हणजे जमिनीवर धांवणाऱ्या फुटी टाकूं लागतें. या फुटींच्या पेऱ्यांस मुळें सुटून नवीं रोपें तयार होतात. हिंवाळ्यांत फळ व उन्हाळ्या-पावसाळ्यांत रोप, असा या पिकाचा संसार आहे, आणि त्यावरच सर्व शेती बेतलेली आहे.

रोपवाटिका

मोसमाच्या आरंभीं परदेशांतून मातृरोपें आणविलीं जातात. महाबळेश्वरचा पावसाळा मोठा दांडगा. वर्षास साडेपांच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस तेथें पडतो. २०२१ च्या जुलै महिन्यांत तर एका दिवसांत सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा धारेखालीं कोंवळीं रोपें टिकणें कठीण. सबब मातृरोपें घाट उतरून वाई तालुक्यांत व आसपास, जेथें पाऊस बेताचा आहे अशा जमिनींत लावतात. पावसाळाभर तीं रनर टाकतात. ते पेऱ्यापाशीं मातीच्या पिशवींत किंवा ट्रेमध्यें रुजवून, मुळें धरल्यावर आईपासून तोडतात. ऑगस्टच्या अखेरीपासून हीं रोपें पुन्हां घाट चढून लावणीस वर जातात. एकच पीक अशा रीतीनें दोन हवामानांचा आश्रय घेतें, आणि वरच्या व खालच्या दोन्ही शेतकऱ्यांस त्यांत काम मिळतें.

येथें एक धोक्याची सूचना देणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. गतवर्षींच्या फळबागेंतील रनर फुकट मिळतात म्हणून तेच वर्षानुवर्षें लावण्याचा मोह होतो. परंतु मावा व फुलकिडे यांच्या मार्फत येणारे विषाणू आणि मुळांतील बुरशी हीं आईकडून लेकराकडे जातात, व दरसाल पिकाचा कस उतरत जातो. उलटपक्षीं दरवर्षीं परदेशी रोपांवर विसंबणें हेंहि शहाणपणाचें नव्हे. जहाज चुकलें, दर वाढला किंवा रोपें रोगट निघालीं तर साऱ्या टापूचा हंगाम बसतो. ऊतिसंवर्धनानें निरोगी मातृरोपें आपल्याच जिल्ह्यांत तयार होतील अशी तजवीज शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनीं व कृषि विद्यापीठानें मिळून करावी, ही या पिकाची आजची सर्वांत मोठी गरज आहे.

जमीन व लावणी

डोंगरावरील तांबडी, भुसभुशीत व पाण्याचा निचरा करणारी माती या पिकास मानवते. आम्ल-विम्ल निर्देशांक ५.५ ते ६.५ असावा. मुळें उथळ असल्यानें पाणी सांचलें कीं तीं गुदमरतात, आणि माती तापली कीं तींच प्रथम सुकतात. ज्या शेतांत नुकताच टोमॅटो, वांगें, मिरची किंवा बटाटा घेतला असेल तेथें लगेच स्ट्रॉबेरी लावूं नये. कारण मुळांचे कांहीं रोग या पिकांत समान आहेत.

जमीन नांगरून, ढेंकळें फोडून, एकरीं ८ ते १० टन चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. कच्चें खत घातल्यास हुमणीस आमंत्रण दिल्यासारखें होतें. नंतर फूटभर उंचीचे गादीवाफे करावे. दोन वाफ्यांच्या मध्यांतील अंतर ४ फूट, प्रत्येक वाफ्यावर दोन ओळी, आणि ओळींत रोपारोपांत १ फूट अंतर नागमोडी पद्धतीनें ठेविलें, तर एकरीं सुमारें २१ ते २२ हजार, म्हणजे गुंठ्यास साडेपांचशेंच्या आसपास रोपें बसतात. खर्चाचा अंदाज करतांना हा आंकडा प्रथम मांडावा. रोपांची किंमत हाच या पिकांतील मोठा खर्च होय.

लावणी सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या पूर्वार्धांत, पावसाचा जोर ओसरल्यावर, सायंकाळीं करावी. रोपाचा गड्डा, म्हणजे जेथून पानें फुटतात तो आंखूड खोडाचा भाग, नेमका मातीच्या पातळीवर राहिला पाहिजे. तो पुरला गेला तर कुजतो व उघडा पडला तर मुळें वाळतात. शंभर रोपांत दहा मेलीं तर दोष बहुधा लावणाऱ्या हाताचा असतो. म्हणून या कामावर मालकानें जातीनें उभें राहावें.

निगराणी

लावणीनंतर पहिले आठ-दहा दिवस हलकें पाणी वारंवार द्यावें. रोपें लागून गेलीं कीं वाफ्यावर आच्छादनाचा कागद अंथरून छिद्रांतून रोपें वर काढावीं, किंवा कागद आधींच अंथरून मग लावणी करावी. आच्छादनानें तण दबतें, ओल टिकते व फळ मातीस लागत नाहीं. पूर्वीं याच कामीं भाताचा पेंढा व गवत वापरीत असत, आणि ज्यास तें सुलभ आहे त्यानें अजूनहि वापरावें. महाबळेश्वर-पांचगणीचा प्रदेश २००१ सालापासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. हंगाम संपल्यावर फाटका कागद ओढ्यांत टाकणें किंवा बांधावर जाळणें म्हणजे ज्या डोंगराच्या जिवावर आपण पीक घेतों त्यासच विष देणें होय. तो गोळा करून परत देण्याची व्यवस्था गांवोगांव झाली पाहिजे.

लावणीनंतर लगेच येणारीं पहिलीं फुलें खुडून टाकावीं. रोपानें आधीं पानें व मुळें करावीं आणि मग फळ धरावें. फळबागेंत फुटणारे रनरहि वेळचे वेळीं काढावे. पाणी ठिबकनें, थोडें व नियमित द्यावें. खतांत नत्र फार झालें तर पानें माजतात, फळ मऊ पडतें व कीड वाढते. फळ लागल्यावर पालाशाचें प्रमाण वाढवावें. कॅल्शियम व बोरॉन यांची उणीव राहूं देऊं नये. तथापि माती तपासल्याशिवाय ठरावीक माप सांगणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

रोग-किडींपैकीं करडी बुरशी ही सर्वांत घातक. ती फुलांतच शिरते, लपून राहते, आणि फळ पिकतांना किंवा पेटींत भरल्यावर प्रकट होते. सबब ढगाळ व दमट हवेंत फुलांकडे लक्ष द्यावें, वाफ्यांत हवा खेळती ठेवावी, आणि नासकें फळ तोडून सरींत न टाकतां शेताबाहेर पुरावें. पानांवर ठिपके, भुरी व गड्ड्याची कूज हे इतर रोग. फेब्रुवारीनंतर हवा कोरडी व तापट झाली कीं पानांच्या पाठीशीं लाल कोळी पसरतो. भिंगानें पान पाहण्याची संवय ठेविल्यास तो आरंभींच आटोक्यांत येतो. स्ट्रॉबेरी सालीसकट खाल्ली जाते, तिला सोलतां येत नाहीं. म्हणून या पिकासाठीं मान्य असलेलींच औषधें वापरावीं व फवारणी आणि तोडणी यांमधील दिवसांचें अंतर काटेकोर पाळावें. यांत कुचराई करणारा शेतकरी स्वतःचेंच नव्हे तर साऱ्या टापूचें नांव बुडवितो.

तोडणी व विक्री

फूल उमलल्यापासून सुमारें महिन्याभरांत फळ तयार होतें. नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत तोडणी चालते. तोडलेल्या स्ट्रॉबेरीचा रंग गडद होतो, पण गोडी वाढत नाहीं. आंबा किंवा केळें यांप्रमाणें ती अढींत पिकत नाहीं. म्हणून हिरवट-पांढरें फळ तोडून बाजार गांठणें ही ग्राहकाची फसवणूक होय. दूरच्या बाजारासाठीं तीन चतुर्थांश लाल, व जवळच्यासाठीं पूर्ण लाल झालेलें फळ, सकाळच्या गारव्यांत, देठ व हिरव्या पाकळ्या ठेवून, न दाबतां तोडावें. हें काम बहुतांशीं स्त्रियाच करतात, आणि त्यांच्या हातच्या हलकेपणावरच मालाचा दर ठरतो; त्यांची मजुरी ठरवितांना ही गोष्ट मालकांनीं विसरूं नये. फळ सावलींत नेऊन, प्रत लावून, लहान डब्यांत एका-दोन थरांतच भरावें. तोडल्याबरोबर थंड केल्यास तें आठवडाभर टिकूं शकतें. उघड्यावर मात्र दोन दिवसहि कठीण.

एका रोपास साधारण ३५० ते ४०० ग्रॅम विक्रीयोग्य फळ धरिलें, तर २२ हजार रोपांचें एकरीं ८ टनांच्या आसपास उत्पन्न होतें. परंतु हा सर्व माल एका भावानें जात नाहीं. आरंभींच्या तोड्यास भाव चढा. फेब्रुवारी-मार्चमध्यें आवक वाढली कीं तो घसरतो, व बारीक आणि मऊ माल कारखान्याच्या दरानें द्यावा लागतो. शिवाय महाबळेश्वरच्या विक्रीचा मोठा भाग प्रवाशांवर अवलंबून आहे. २०२० च्या मार्च महिन्यांत टाळेबंदी झाली, प्रवासी थांबले, आणि ऐन हंगामाच्या अखेरीस फळ शेतांतच राहिलें. त्यापूर्वीं २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत लांबलेल्या पावसानें नव्या लावणीचें नुकसान केलें होतें. ज्याची विक्रीची वाट एकच, त्याचा धोका मोठा. ताजें फळ, शीतगृह व प्रक्रिया या तिन्ही वाटा ज्या गांवानें मोकळ्या ठेविल्या तें गांव अशा प्रसंगीं तरतें. आणि एकट्या शेतकऱ्याच्या आंवाक्याबाहेरचें हें काम सहकारानेंच होणारें आहे.

आरोग्यास उपयोग

या फळाच्या गुणांविषयीं अतिशयोक्ति करण्याची गरज नाहीं. जें खरें आहे तेंच पुरेसें आहे. १०० ग्रॅम ताज्या स्ट्रॉबेरींत सुमारें ९१ ग्रॅम पाणी, ५ ग्रॅमच्या आसपास साखर, २ ग्रॅम तंतु, व सुमारें ५८ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असतें. उष्मांक अवघे ३२. प्रौढ स्त्रीस दिवसाला ६५ व पुरुषास ८० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व लागतें, असें भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२० सालीं ठरविलें आहे. म्हणजे दहा-बारा मध्यम फळांत दिवसाची बहुतेक गरज भागते. 'क' जीवनसत्त्वाच्या योगानें भाकरी व पालेभाजींतील लोह अंगीं लागण्यास मदत होते. सबब पांडुरोगाची तक्रार असलेल्या स्त्रियांनीं व वाढत्या मुलांनीं हें फळ जेवणासोबत खावें. त्याचा लाल रंग ज्या द्रव्यामुळें येतो तें पेशींचें रक्षण करणाऱ्या द्रव्यांपैकीं आहे. फोलेट हें गर्भवती स्त्रियांस आवश्यक असलेलें जीवनसत्त्वहि त्यांत थोड्या प्रमाणांत मिळतें.

तथापि आपल्या बांधावरील पेरूंत 'क' जीवनसत्त्व स्ट्रॉबेरीच्या तीन-चार पट असतें, व आंवळ्यांत तर त्याहूनहि अधिक, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. महागाचें फळ विकावें व स्वस्ताचें मुलांस द्यावें, यांत कमीपणा कांहीं नाहीं. मधुमेह असलेल्यांस ताजी स्ट्रॉबेरी बेताच्या प्रमाणांत चालण्यासारखी आहे. परंतु साखर घातलेली मलई, जॅम व सरबत यांची गोष्ट निराळी. जॅममध्यें निम्म्याच्या आसपास साखरच असते व उष्णतेनें 'क' जीवनसत्त्वहि घटतें. कांहीं थोड्या लोकांस या फळानें अंगावर पित्त उठतें. त्यांनीं तें टाळावें. फळ खाण्याच्या वेळींच स्वच्छ पाण्यानें धुवावें. धुऊन ठेविलेलें फळ लौकर बुरसतें.

सांगलीकडील शेतकऱ्यानें काय करावें?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. खालच्या मुलखांत तीन अडचणी आहेत. पहिली हवेची. मिरज-तासगांवाकडे थंडी येते, पण ती थोडे दिवस टिकते. फेब्रुवारी सरतांच दुपार तापूं लागते, फळ बारीक व मऊ होतें. महाबळेश्वरास जो तोडा पांच महिने चालतो तो येथें दोन-अडीच महिन्यांतच आटोपतो. आणि रोपाची किंमत मात्र दोघांस सारखीच.

दुसरी अडचण जमिनीची व पाण्याची. कृष्णाकांठच्या काळ्या जमिनी भारी, चुनखडीच्या, व उंसास अति पाणी दिल्यानें पुष्कळ ठिकाणीं खारावलेल्या. स्ट्रॉबेरी हें क्षार न सोसणाऱ्या पिकांपैकीं अगदीं पहिल्या रांगेंतलें. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता मीटरला १ डेसिसायमेनच्या वर गेली कीं तिचें उत्पन्न घटूं लागतें. द्राक्षवेल त्याहून थोडा अधिक क्षार सोसते. चुनखडींत लोह मिळत नाहीं व पानें पिंवळीं पडतात. सबब रोपांची मागणी नोंदविण्यापूर्वीं माती व विहिरीचें पाणी दोन्ही तपासून घ्यावें. यांत जो खर्च येईल तो एका वाफ्याच्या रोपांहूनहि कमी असेल.

तिसरी अडचण मजुरांची. स्ट्रॉबेरीची लावणी व द्राक्षाची फळछाटणी एकाच सुमारास, आणि दोहोंची तोडणीहि एकाच काळांत येते. ज्याच्या घरीं हात मोजके आहेत त्यानें दोन्ही नाजूक पिकें एकदम अंगावर घेऊं नयेत.

दुसऱ्या बाजूस सांगलीच्या शेतकऱ्याची जमेची बाजूहि लहान नाहीं. ठिबक, फवारणीच्या नोंदी, प्रतवारी व शीतगृह यांचा जो अभ्यास द्राक्षानें त्यास घडविला आहे तो डोंगरावरील अनेकांस अजून मिळवावयाचा आहे. म्हणून आमची सूचना अशी : ज्याची जमीन हलकी, निचऱ्याची व पाणी गोडें आहे, व ज्याच्या जवळ शहराचा बाजार आहे, त्यानें प्रथम दोन गुंठ्यांत, म्हणजे सुमारें ११०० रोपांवर, एक हंगाम प्रयोग करून पाहावा. लौकर फळ धरणारी जाति निवडावी, दर तोड्याचें वजन व भाव वहींत लिहावा, आणि हिशेब जुळला तरच पुढें जावें. कर्ज काढून पहिल्याच वर्षीं एकर लावण्याचा सल्ला आम्ही कोणासहि देणार नाहीं.

आणखी एक गोष्ट. खालच्या मुलखांतील माल 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी' या नांवानें विकला जाऊं नये. तें नांव मानांकनाच्या कायद्यानें त्या टापूच्या शेतकऱ्यांचें आहे. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ सालीं व हळदीस २०१८ सालीं असेंच मानांकन मिळालें आहे. आपल्या हळदीच्या नांवावर दुसऱ्यानें माल खपविला तर आपणांस जें वाटेल तेंच महाबळेश्वरकरांस वाटणार. आपल्या फळास आपल्या गांवाचें नांव द्यावें. तें चांगलें असेल तर गिऱ्हाईक नांव विचारीत येईल.

डोंगरावरील बंधूंसहि आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, हवा व माती हें आपलें भांडवल आहे. उतारावरील माती पावसांत वाहून जाऊं न देणें, झाडी राखणें, ओढे स्वच्छ ठेवणें व निरोगी रोपांची सोय घरच्या घरीं करणें, एवढें साधलें तर हें परदेशांतून आलेलें पीक पुढील पिढ्यांसहि पोसील. ज्या सभासदांनीं हें पीक वर किंवा खालीं कोठेंहि घेतलें असेल त्यांनीं आपल्या खर्चाचे व उत्पन्नाचे खरे आंकडे, नफ्याचे असोत वा तोट्याचे, आमच्याकडे अवश्य पाठवावे. एका शेतकऱ्याचा लिहून ठेविलेला हिशेब दुसऱ्याचें एक वर्ष वांचवितो.